मागच्या दारची जबानी

मालकांचा वकील हसला. आधी तोंडावर रुमाल धरून हसला, मग मोकळा हसला. त्याच्या हातात माझ्या वहीतून फाडलेला कागद होता. तो त्याने खुर्चीत बसलेल्या मालकांपुढे नाचवला आणि पोरं पाढे म्हणतात त्या सुरात शेवटची ओळ मोठ्याने वाचली, "आपला आज्ञाधारक कूळ."

मालक हसले. कारकून हसला. दारातल्या शिपायाला काहीच कळलं नव्हतं, तोही हसला. माझा बाप चपला बाहेर काढून, दाराच्या आत भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. सगळे हसतात म्हणून तोही हसला. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

तालुक्याची कचेरी होती ती. मी सातवीत होते. तो कागद मीच लिहिला होता. मला अर्ज एकाच प्रकारचा येत होता, शाळेतला रजेचा. 'साहेबांचे सेवेशी, विनंती अर्ज करतो की' इथून सुरू होणारा. तोच मी तहसीलदार साहेबांना लिहिला. शेवटी सवयीने 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' लिहून गेले, मग लक्षात आलं की बाप विद्यार्थी नाही. विद्यार्थी खोडलं आणि वर बारीक अक्षरात कूळ लिहिलं.

"तुमचा वकील कोण?" साहेबांनी बापाला विचारलं.

बापाने माझ्याकडे बोट केलं. "ही माझी लेक, सायेब. सातवीत हाय. हिनंच लिवलंय."

"वा रे वा," मालक म्हणाले. "परकरातली वकीलच आणली की यानं."

पुन्हा हसू. मी खाली बघत होते. माझ्या परकराला गुडघ्यापाशी ठिगळ होतं. ते मी मुठीत धरून झाकलं.

मामला असा होता. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला चार एकर रान. मालकी मालकांची, कसणारे आम्ही, माझ्या आज्यापासून. आम्ही गावकुसाबाहेरचे. आमच्या वस्तीत दुसऱ्या कुणाकडे वीतभर रान नव्हतं. निजामाचं राज्य गेलं, कुळांचा कायदा आला, तेव्हा आज्याचं नाव सरकारी कागदावर संरक्षित कूळ म्हणून लागलं. म्हणजे काय, तर ते रान आमच्याकडून कुणाला काढून घेता येत नव्हतं. आम्ही स्वतः सरकारपुढे जाऊन खुशीने सोडलं तरच ते जाणार होतं. हे एवढं सरळ वाक्य मी आज सांगू शकते. तेव्हा आमच्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात ठाऊक होतं ते इतकंच की आज्याच्या नावाचा एक कागद आहे आणि उंदरांनी खाऊ नये म्हणून तो पत्र्याच्या डबीत ठेवला आहे.

त्याच रानात आमचं दोन खणांचं घर होतं आणि घरामागे विहीर. विहीर माय-बापाने स्वतः खोदली होती. दुष्काळात तिचा तळ आणखी खाली नेला, तेव्हा मातीच्या टोपल्या मीही उचलल्या.

त्याच दुष्काळात सगळं झालं. पावसाने सलग दुसऱ्या साली दगा दिला होता. ओढ्याची वाळू तापलेली. माय-बाप रोज सरकारी कामावर खडी फोडायला जायचे आणि हजेरीपटावर अंगठा देऊन यायचे. एक दिवस मालकांनी बापाला बोलावून घेतलं.

"यंदा रान पडच हाय," मालक म्हणाले. "नावावर ठिवून सरकारचे तगादे कामून ओढवून घेतूस? या साली सोड. पाऊस पडला की पुन्हा तूच कस. दुसरं कोण हाय मला?"

बापाला ते पटलं. मालक बोलले म्हणजे झालं. त्याने कागदावर अंगठा दिला. त्या सालात तो इतके अंगठे देत होता की अंगठा देताना आता त्याच्या मनात काही यायचंच नाही.

तो कागद म्हणजे कुळाने रान सोडल्याचा राजीनामा होता. कायमचा. आम्हाला ते तहसिलीची नोटीस आली तेव्हा कळलं. नोटीस मी वाचली. तीनदा वाचली. तिच्यात लिहिलं होतं की कुळाने राजीनामा दिला आहे, तो त्याने खुशीने दिला की कसा हे विचारायचं आहे, तरी अमुक तारखेला हजर राहावे. आमच्यासाठी वाट उघडी होती, ती हीच. बापाने साहेबांसमोर एवढंच सांगायचं होतं की मला फसवून अंगठा घेतला.

माय म्हणाली, "एखादा वकील बघा की."

बाप म्हणाला, "खरं हाय ते सांगायचं. त्याला वकील कामून लागतो?"

मालकांचाही निरोप आला होता. घरच्या गोष्टी वकिलाच्या तोंडी देऊ नका म्हणून. आमच्याकडे पैशाची अडचण होती, ती तर कायमचीच. पण वकील न करण्याचं पहिलं कारण ते नव्हतं. पहिलं कारण मी होते. मी म्हणाले, मी लिहिते. मास्तर वर्गात माझी वही उचलून सगळ्यांना दाखवायचे. मला माझ्या अक्षराची घमेंड होती. हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आधी मीच लिहून टाकते.

तर साहेब. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. हसू थांबल्यावर त्यांनी माझा कागद फाइलला लावला आणि बापाला नीट विचारलं, "हा राजीनामा तुम्ही खुशीने दिला का?"

बापाने मालकांकडे बघितलं.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. मालकांसमोर त्यांचं बोलणं खोडायचं नाही. त्यांनी एक सांगितलं आणि आपल्याला दुसरं माहीत असलं, तरी मान खाली घालायची आणि म्हणायचं, मालक म्हणतील तसं. मग दुपारी मागच्या दाराला जायचं. मालकीणबाई शेण लावत असतील, निवडत टिपत असतील. तिथे लांब बसून खरं काय ते त्यांना सांगायचं. मालकीणबाई मालक जेवायला बसले की त्यांच्या कानावर घालायच्या. कधी मालक ऐकायचे. मग दुसऱ्या दिवशी तेच आपण होऊन उलटं बोलायचे, आणि आपण पुन्हा म्हणायचं, मालक म्हणतील तसं. आमची सगळी दाद-फिर्याद पिढ्यानपिढ्या त्या मागच्या दाराने चालायची. बापाला दुसरी माहीतच नव्हती.

"सांगा," साहेब म्हणाले. "खुशीने दिला?"

"मालक म्हणतेत तसं," बाप म्हणाला.

"मालकांचं सोडा. तुम्ही बोला."

मालक खुर्चीत पुढे झुकले. बापाने हात जोडले. "हाव सायेब. खुशीनंच. मालकाचंच हाय ते."

कारकुनाने लिहिलं. बापाचा अंगठा घेतला. वकिलाने आपल्या फाइलची दोरी बांधली. मी तिथेच उभी होते. मला वाटत होतं, आता कुणीतरी माझा अर्ज वाचेल, नीट, न हसता. त्यात मी फसवणुकीचं सगळं लिहिलं होतं. पण बापाने तोंडाने कबूल केल्यावर तो कागद कोण वाचणार?

बाहेर आल्यावर बाप मला म्हणाला, "चल, सायबाचा बंगला कुठं हाय ते इचारू."

मला तेव्हा त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही. आम्ही विचारत विचारत साहेबांच्या घरी गेलो. पुढच्या फाटकाशी न थांबता भिंतीला वळसा घालून मागे गेलो. मोरीच्या पाण्याशेजारी बाप बसला, मी बसले. बऱ्याच वेळाने दार उघडलं. साहेबांच्या बाई होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आत गेल्या, आणि एक भाकरी आणि वर चटणीचा गोळा घेऊन आल्या. दुष्काळ होता. अशी माणसं रोज कुणाच्या ना कुणाच्या मागच्या दारात बसलेली असायची.

"घ्या आणि जा बाबा," त्या म्हणाल्या.

बापाने धोतराचा सोगा पुढे केला. दिलेलं नाकारायचं नसतं, हीपण रीतच. मग तो म्हणाला, "बाईसायेब, आमच्या रानाचं सांगायचं व्हतं. मालकाफुडं बोलता आलं न्हाई. तुमी सायबाच्या कानावर..."

"कचेरीचं घरी नाही," बाई म्हणाल्या आणि दार लावलं. रागाने नाही लावलं. नुसतं लावलं.

वाटेत बापाने भाकरी मोडून अर्धी मला दिली. मला भूक लागली होती. मी ती खाल्ली. मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. चार एकर रान गेलं त्या दिवशी मी भिकेची भाकरी खाल्ली आणि ती मला चांगली लागली.

महिन्याभराने हुकूम आला. राजीनामा मंजूर. पुढचा पाऊस पडला तेव्हा त्या रानात मालकांच्या गड्याचे बैल चालले. आमच्याकडे घर आणि विहीर तेवढी राहिली, तीही कुणी उठवलं नाही म्हणून.

गावच्या मास्तरांनी सांगितलं की वर अपील करता येतं. कचेरीबाहेर झाडाखाली बसून अर्ज लिहिणारा एक माणूस होता, त्याच्याकडून बापाने ते लिहून घेतलं. त्यालाही वकील म्हणता येत नव्हतं, तो नुसता लिहिणारा. आमचा तालुका तेव्हा जुन्या जिल्ह्यात होता. जिल्ह्याचं गाव लांब. पहाटेची एसटी धरायची, लातूरला उतरायचं, दुसरी धरायची, तिथून पुढे अजून दोन तास. बाप तारखेला जायचा, व्हरांड्यात बसायचा, पुढची तारीख घेऊन यायचा. अशी वर्षं गेली. मी मॅट्रिक झाले, लग्न होऊन लोह्याला गेले, तिथे बालवाडीवर शिकवायला लागले. मधल्या एका साली माय गेली. अपील तसंच.

मग लातूर जिल्हा झाला. कमानी लागल्या, गुलाल उडाला. बाप लोह्याला मला भेटायला आला होता तेव्हा किती खुशीत होता. म्हणाला, "जिल्हा जवळ आला की गं पोरी. आता आपलं लवकर हुईल."

पुढच्या तारखेला मी रजा टाकून त्याच्याबरोबर गेले. लातूरच्या स्टँडवर गाडी अर्धा तास थांबली. आम्ही चहा घेतला. समोरच्या रस्त्यावर एका कमानीची पताका अजून लोंबत होती, रंग उडालेली. बापाने ती मला दाखवली. मग आम्ही पुढच्या गाडीत बसलो आणि जुन्या जिल्ह्याला गेलो. तारखेला तिथेच जायचं, हे त्याच्या पायांना पाठ होतं. आणि मला, शिकलेल्या बाईला, लातूरच्या त्या स्टँडवर उभं राहून एकदाही विचार आला नाही की जिल्हा बदलला तर कागदही बदलले असतील.

दुपारपर्यंत पुकारा झाला नाही. मी आत जाऊन विचारलं. कारकुनाने वर न बघता सांगितलं, "तुमच्या तालुक्याच्या फायली कधीच गेल्या लातूरला. तिथं विचारा."

आम्ही धावत पळत गाडी धरली. लातूरला पोचेपर्यंत कचेरी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच आम्ही हजर.

"काल होती तारीख," तिथला कारकून म्हणाला. "पुकारा झाला. समोरचे वकील होते, तुम्ही गैरहजर. अपील काढून टाकलंय."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही," मी म्हणाले.

त्याने व्हरांड्यातल्या फळ्याकडे हात केला. फळ्यावर वर्ग झालेल्या प्रकरणांची यादी लावली होती. खूप दिवसांपासून असावी, कारण कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. आमचा नंबर त्यात होता. मी बोटाने शोधला. कचेरीने आपलं काम केलं होतं. फळा रोज वाचायचा असतो, हे मालकांच्या वकिलाला माहीत होतं. तो त्याचा धंदाच. आमच्या बाजूने तो फळा वाचणारं कुणी नव्हतं.

मी यादीसमोर उभी होते आणि मागून बापाचा आवाज आला. तो शिपायाला विचारत होता, "दादा, मोठ्या सायबाचा बंगला कुणीकडं हाय?"

इतक्या वर्षांनी पुन्हा. पांढऱ्या केसांचा, हातात चपला धरून. मी जाऊन त्याचा दंड धरला. इतका घट्ट की तो "दुखायलंय गं" म्हणाला. "बा, कुणाच्या मागच्या दाराला आता जायचं न्हाई," मी म्हणाले. मला बापाचा राग आला होता, मालकांचा आला होता, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. मी वाचायला शिकले होते. लिहायला शिकले होते. आणि मला त्यातलं काहीही येत नव्हतं.

त्याच दिवशी मी वकिलाकडे जायला हवं होतं. गेले नाही. ही माझी आणखी एक चूक. बाप म्हणाला, मालकांना एकदा विचारून बघू, आणि मला बालवाडीवर हजर व्हायचं होतं. मी लोह्याला आले. बाप गावी गेला. मालकांनी त्याला ओसरीवर बसवून चहा दिला आणि सांगितलं, "घाबरू नको. नवे सायेब माझ्या ओळखीचे हायत. तुझं अपील पुन्हा लावून देतो. मीच बोलतो. जरा थांब."

बाप थांबला. दोन महिने थांबला.

मग मला निरोप आला, मालकांनी बोलावलंय. मी गेले. ओसरीवर मालक बसले होते, म्हातारे झालेले, पण आवाज तोच. बाप खाली, पायरीपाशी. मालकांनी माझ्यापुढे कोरा कागद आणि पेन सरकवलं.

"तुझं अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले. "तूच लिही. मी सांगतो."

मी पेन घेतलं. हेही लिहून ठेवते, की मी पेन घेतलं.

"लिही. मी खुशीने लिहून देतो की, सदर रानातील घर व विहीर यावर माझा अगर माझ्या वारसांचा कसलाही हक्क नाही. मालकांच्या मेहेरबानीने मी मरेपर्यंत तिथे राहीन. लिही, लिही. मग मी बघतो तुझ्या बापाच्या अपिलाचं."

मी 'मी खुशीने' एवढं लिहिलं. आणि हात थांबला. कुणी थांबवला नाही. मला मायची टोपली दिसली, एवढंच. आम्ही विहिरीचा तळ खाली नेत होतो तेव्हा तिच्या डोक्यावरून चिखलाचं पाणी ओघळायचं आणि ती डोळे मिटून टोपली वर द्यायची. ती आता नव्हती. तिचा हक्क मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहून देणार होते.

"मालक," मी म्हणाले, "हे मी वकिलाला दाखवीन. तो म्हणला तर बा अंगठा देईल."

मालकांनी मान वर केली.

"काय म्हणालीस?"

"वकिलाला दाखवल्याबिगर एक अक्षर लिहिणार न्हाई."

"तू?" मालक म्हणाले. "तू वकील करणार? माझ्यावर?"

"हाव."

आतल्या दारात मालकीणबाई उभ्या होत्या. त्यांनी मला हाताने खुणावलं, मागे ये. त्यांच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती. मी त्यांना नमस्कार केला आणि नाही म्हणून मान हलवली. पेन ठेवलं, कागद घडी करून कमरेला खोचला, कारण त्यावर माझं अक्षर होतं, आणि पायऱ्या उतरले.

बाप मागून आला. घराजवळ आल्यावर म्हणाला, "पोरी, मालकाला असं तोंडावर बोलत न्हाईत." त्याला माझी लाज वाटत होती. मग चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. त्याला बरं वाटलं नाही. तो घाबरला होता.

मी त्याला घेऊन लातूरला गेले. वकील मध्यम वयाचा होता, तिरसट. त्याने कचेरीतून फाइलची नक्कल काढून आणली आणि आम्हाला आठवड्याने बोलावलं. टेबलावर कागद पसरून तो एक एक पान उलटत होता.

"हा अर्ज कुणी लिहिला?"

"मी," मी म्हणाले. "लहान होते."

"अर्जात फसवणूक लिहिलीय आणि जबाबात खुशी. जबाब देताना मालक कुठे होते?"

"खुर्चीवर. समोरच."

त्याने चष्मा काढला. "मालकाला बाहेर बसवून कुळाचा जबाब घ्यावा, अशी एक ओळ लिहून दिली असती तर?"

"तर काय झालं असतं?"

"साहेबांनी बाहेर बसवलं असतं. बऱ्याचदा बसवतात." तो पुन्हा पान उलटायला लागला. "आणि अपील काढून टाकल्यावर ते परत नंबरावर घ्यायला महिन्याची मुदत असते. तुम्ही कुठे होतात?"

बाप म्हणाला, "मालक म्हणाले थांब."

"हो, ते म्हणणारच," वकील म्हणाला.

एक ओळ. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. माझ्या त्या अर्जात पंचवीस ओळी होत्या. आज्याचं नाव होतं, दुष्काळ होता, मायचे कष्ट होते, मायबाप सरकार होतं. जी एक ओळ लागत होती ती मला माहीत नव्हती, आणि मला माहीत नाही हेही मला माहीत नव्हतं. अडाणी बापाला निदान आपण अडाणी आहोत हे कळत होतं. तो माझ्या भरवशावर राहिला. मी कुणाच्या भरवशावर होते?

वकिलाने उशीर माफ करण्याचा अर्ज केला. फेटाळला गेला. वर गेलो, तिथेही फेटाळला गेला. रान गेलं. ते परत येणार नाही, आणि कुणी मला सांगू नये की लढलात हे काय कमी आहे. चार एकर गेलं. ओढ्याकाठची काळी माती होती.

घर आणि विहीर यांचा दावा मात्र वेगळा दाखल झाला, दिवाणी कोर्टात. कुळाच्या घराला कायद्यात वेगळा आसरा असतो म्हणे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत आम्हाला कुणी उठवू नये असा मनाई हुकूम वकिलाने मिळवला. मालकांच्या मेहेरबानीचा कागद न लिहिता बाप त्या घरात राहिला आणि त्याच घरात मेला. मरेपर्यंत त्याला वाटत होतं की मी मालकांना दुखवलं म्हणून रान गेलं. मी त्याला खूपदा समजावलं. तो मान हलवायचा आणि शेवटी म्हणायचा, "असंल बाई." हे मला फार जड गेलं. अजून जातं.

वकील काही देव नसतात. माझ्या अर्जावर हसणाराही वकीलच होता. आमच्या वकिलानेही दोन तारखा चुकवल्या, तेव्हा मी त्याच्या टेबलापुढे उभी राहून भांडले. पण भांडायला समोर माणूस होता. तो फळा वाचायची जबाबदारी त्याच्यावर होती आणि त्याने ती टाळली तर त्याला विचारता येत होतं. बापाला कुणाला विचारता आलं?

आता माझ्याकडे लोह्यात बाया येतात. नोटीस घेऊन, कोर्टाचा कागद घेऊन. "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय, एक अर्ज लिवून द्या." मी देत नाही. राग येतो त्यांना. मी पायात चपला घालते आणि म्हणते, चला, वकिलाकडे बसू, मी बरोबर येते. कुणी येतं, कुणी शिव्या देऊन जातं. एकीला तिच्या दिराने सांगितलं होतं, घरच्या गोष्टी वकिलाच्या तोंडी देऊ नकोस. तिला मी हाताला धरून नेलं.

मालकही गेले. गेल्या आठवड्यात त्यांचा मुलगा माझ्या दारात आला. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही लोह्याला राहता, बाप राहिला नाही. त्या पडक्या घराचं तुम्हाला काय करायचं? बाहेरच्या बाहेर मिटवू. सही करून टाका."

"माझ्या वकिलाशी बोला," मी म्हणाले. "अकरानंतर बसतात."

"आमच्यावर एवढा पण विश्वास न्हाई का?"

"न्हाई."

तो चहा अर्धा ठेवून गेला.

दाव्यात बापाच्या जागी वारस म्हणून मी माझं नाव लावलं आहे. भाऊबंद म्हणाले, पोरीचं कशाला, चुलत्याचं लावा. मी माझंच लावलं. पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. विहीर कुणी खोदली, हे मला विचारणार आहेत. वकिलाने परवा मला बसवून सगळं समजावलं, काय विचारतील, कसं फिरवून विचारतील. मग म्हणाला, मालकांचा मुलगा समोर बसलेला असेल, तुम्हाला अवघड वाटत असेल तर त्याला बाहेर बसवायला सांगू का?

मी नको म्हणाले. बसू दे त्याला. विहीर माझ्या मायने आणि बापाने खोदली, तळाची माती मी उचलली, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगणार आहे.